आधी पातेलं, मग कुंडी: निवृत्तीनंतरची दोघांपुरती बाग

हे पाटबंधारे खात्यातून २०१५ साली निवृत्त झाले, दोन वर्षांनी मी शाळेतून. त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही दोडक्याचे नऊ वेल लावले. नऊच का, तर पाकिटात बिया नऊ निघाल्या. श्रावणात रोज चार-पाच दोडके उतरायला लागले. दोघांच्या घरात रोज चार दोडके म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. भाजी, भजी, डाळ-दोडका, परत भाजी. शेवटी अशी वेळ आली की मी कडी वाजवली की शेजारच्या काकू दार उघडायच्या आधीच आतून ओरडायच्या, "परवाचे फ्रीजमध्ये आहेत गं अजून!"

तेव्हापासून निवृत्तीनंतर बाग करणार म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी स्वयंपाकघरात पाठवते, रोपवाटिकेत नंतर. दोन माणसं, थोडंसं अंगण किंवा गच्ची आणि कुरकुरणारे गुडघे, एवढं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्ही साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर राहतो. परसात दहा बाय बारा फूट माती आहे आणि वर गच्ची. तुमच्याकडची हवा निराळी असेल तर पेरणीच्या तारखा थोड्या मागेपुढे करा.

१. पंधरा दिवस फक्त लिहायचं

बागेसाठी एक वही घाला आणि पंधरा दिवस रोज काय शिजलं, कोणती भाजी किती लागली, ते लिहा. आम्ही लिहिलं तेव्हा असं निघालं: कोथिंबीर रोज. मिरच्या रोज चार-पाच. टोमॅटो दिवसाला दोन. पालेभाजी आठवड्यातून तीनदा, तीही एका वेळी अर्धी जुडी. वांगं आठवड्यातून एकदा. चहात आलं आणि गवती चहा. दोडका? पंधरा दिवसांत एकदा!

यावरून यादी आपोआप तयार होते. दोन माणसांना मिरचीची तीन झाडं पुरून उरतात. वांग्याची दोन, टोमॅटोची चार. दुधीचा एकच वेल, कारण नर आणि मादी फुलं एकाच वेलावर येतात, जोडीला दुसरा लागत नाही. दोडका किंवा घोसाळं यातला एक वेल. कारलं घरात आवडत असेल तरच. कढीपत्त्याचं एक झाड, अळूचा एक छोटा वाफा. पुदिना आणि गवती चहा आपापल्या वेगळ्या कुंडीत ठेवा, नाहीतर दोन वर्षांत वाफ्याचा सातबारा त्यांच्या नावावर होतो.

कांदे-बटाटे बाजारातूनच आणा. कोबी-फ्लॉवरचाही नाद सोडा. तीन महिने कुंडी अडवून एक झाड एकच गड्डा देतं, त्यातही निम्मा अळ्यांचा. त्यापेक्षा मंडईत क्वचित मिळणाऱ्या किंवा मिळाल्या तरी मरगळलेल्या भाज्यांना जागा द्या: आंबट चुका, चाकवत, मायाळू, अंबाडी, घोळ.

पैसे वाचतील म्हणून मात्र बाग करू नका. पहिल्या वर्षी आमची एकेक मिरची मंडईतल्या पावशेराच्या भावाने पडली असेल.

२. ऊन मोजा, वजनही मोजा

गच्चीवर ऊन भरपूर असतं असं सगळ्यांना वाटतं. शेजारची इमारत आणि पाण्याची टाकी मध्ये येईपर्यंत तेही खरंच. मी एका रविवारी सकाळी ८ पासून संध्याकाळी ४ पर्यंत दर दोन तासांनी सावलीच्या कडेने रांगोळीची रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत गच्चीचा नकाशा तयार. जिथे सहा तास ऊन पडतं तिथे मिरची, वांगी, टोमॅटो, वेल. जिथे तीन-चार तास मिळतं तिथे पालेभाज्या, पुदिना, अळू. त्याहून कमी असेल तर तिथे खुर्ची ठेवा आणि चहा प्या.

हे रेघा ओढणं वर्षातून दोनदा करा, मे महिन्यात आणि डिसेंबरात. उत्तरेच्या भिंतीपाशी मे-जूनमध्ये ऊन येतं आणि थंडीत तिथे सूर्य दिसतच नाही. आमच्या टोमॅटोची दोन रोपं याच भिंतीने खाल्ली. रोपं गेली नाहीत, पण फळही धरलं नाही, नुसती उंच होत राहिली.

आता वजन. ओल्या मातीचा एक घनफूट सहज पन्नास किलो भरतो. वीस लिटरची भरलेली बादली पंचवीस-तीस किलोंची होते आणि अर्धा कापलेला ड्रम शंभर किलोंच्या वर जातो. त्यामुळे जड कुंड्या गच्चीच्या मधोमध नकोत. जिथे खाली भिंत किंवा तुळई आहे तिथे, कठड्याच्या कडेने ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी एखाद्या अभियंत्याला दाखवा. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा ठेवल्या की पाणी साचत नाही आणि झाडताही येतं. आणि भरलेली कुंडी एकट्याने उचलायची नाही. आमच्या घरात हा नियम एका कंबरेच्या पट्ट्यानंतर लागू झाला.

३. बादली आणि माती

कुंडी विकत आणायची गरज नाही. रंगाची वीस लिटरची बादली, फळांचे प्लॅस्टिकचे क्रेट, तडा गेलेली धुण्याची बादली, सगळं चालतं. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचीच बादली घ्या, ऑइलपेंटची नको, आणि घासून धुवा. बुडाला बोटाएवढी पाच-सहा भोकं. क्रेटला आतून गोणपाटाचं अस्तर. खोली एवढी हवी: पालेभाजीला सहा इंच, मिरची-वांगं-टोमॅटोला एक फूट, वेलाला दीड फूट.

बुडाशी तिसरा हिस्सा पालापाचोळा किंवा उसाचं पाचट दाबून भरा. रसवंतीवाल्याकडची चिपाडं फुकट मिळतात, पण ती धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून मगच घाला. आम्ही तशीच घातली आणि तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या आमच्या गच्चीवर जेवायला आल्या. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' या शेतकऱ्यांच्या प्रयोगगटातून तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांना जे शिकवलं त्यातलं एवढं आपण नक्की घ्यावं: पालापाचोळा ही मातीची भाकरी आहे, ती जाळायची नाही.

वरच्या भागासाठी दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). बादलीमागे एक मूठ निंबोळी पेंड. नुसती काळी माती वापरू नका. ती पावसात चिकटते आणि उन्हात इतकी भेगाळते की पाणी कडेने सरळ खाली जातं. शेणखत कुजलंय का हे हातानेच कळतं. आत हात घातल्यावर गरम लागलं, किंवा शेणाचा वास आला, तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या खताने मुळं जळतात आणि त्यातून हुमणीच्या जाड पांढऱ्या अळ्या येतात. पहिल्या पावसानंतर येतो तसा वास आला की घ्या.

४. बी, आणि कोथिंबिरीची शेजपाळी

पाकिटावर "संकरित" लिहिलेलं असेल तर त्या झाडाचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते गुण टिकत नाहीत. "सरळ वाण" घेतलं तर एकदाच पैसे मोजायचे. मिरचीत पुसा ज्वाला हे जुनं सरळ वाण कुंडीत चांगलं येतं. वांग्याला आमच्याकडे कृष्णाकाठचं बी सोडून दुसरं चालत नाही, यात चव किती आणि अभिमान किती ते विचारू नका. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान वाणांची बीजबँक उभी केली, त्यासाठी त्यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्याकडच्या वालाचे प्रकार पाहिले की पाकिटातल्या बियांची कीव येते. आमच्या शेजारच्या कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या पट्टेरी दाण्याची उसळ मी करते, पण घेवडा गच्चीवर पिकवत नाही. एका उसळीपुरते दाणे व्हायला अर्धी गच्ची लागेल.

निम्मं बी तर डब्यातच असतं. मेथीदाणे, धणे, मोहरी. कोंब फुटलेलं आलं. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पेलाभर पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं धरतात.

धणे अख्खे पेरले की लोक म्हणतात "उगवलंच नाही". धण्यात दोन फाका असतात. कापडावर पसरून लाटण्याने हलकेच फिरवायचं. कुटायचं नाही, नुसते दोन फाकांत सुटले पाहिजेत. मग रात्रभर भिजवून पेरायचे. तरीही आठ-दहा दिवस लागतात, रोज उकरून पाहू नये. मेथी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि महिन्याच्या आत पातेल्यात जाते, म्हणून पहिलं पीक मेथीचंच घ्या. माठ, राजगिऱ्याचं बी रव्यासारखं बारीक असतं, ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून पसरायचं. कोणतंही बी त्याच्या दुप्पट-तिप्पट जाडीच्या मातीखाली, त्याहून खोल नाही.

आता खरं महत्त्वाचं. एका दिवशी सगळं पेरू नका. कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीने देतात, त्याला शेजपाळी म्हणतात. ह्यांनी नोकरीत जन्मभर तेच केलं. दोडक्याच्या प्रकरणानंतर त्यांनी एका संध्याकाळी वहीत रकाने आखले आणि कोथिंबिरीची शेजपाळी लावली. तीन क्रेट. पहिल्यात आज पेरणी, दुसऱ्यात बारा दिवसांनी, तिसऱ्यात आणखी बारा दिवसांनी. पहिला कापून संपेपर्यंत तिसरा वर येतो, आणि रिकामा झालेला क्रेट खत घालून परत रांगेत. मेथी आणि पालकालाही हेच. पालक मुळासकट उपटायचा नाही, बाहेरची पानं कापायची, तो तीन-चार वेळा देतो.

५. कधी काय

मृगाच्या आसपास, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, भेंडी, गवार, दोडका, दुधी, कारलं, काकडी, अंबाडी. मिरची-वांग्याची रोपंही तेव्हाच टाका, महिन्याने बादलीत हलवता येतात. दसरा-दिवाळीच्या मध्ये मेथी, पालक, शेपू, चुका, चाकवत, मुळा, टोमॅटो. फेब्रुवारीनंतर माठ, राजगिरा, चवळी, आणि वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी. मे महिन्यात कोथिंबीर लावाल तर हातभर होण्याआधीच फुलावर येईल, मेमध्ये विकतचीच आणा.

महाबळेश्वर तास-दीड तासाच्या अंतरावर म्हणून आम्ही स्ट्रॉबेरीही लावून पाहिली. हंगामात सात फळं आली. चार बुलबुलाने खाल्ली.

६. पाणी

बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. ओल लागली तर आज पाणी नाही. नवशिक्यांची रोपं पाणी कमी पडून मरत नाहीत, जास्त होऊन मरतात, विशेषतः निवृत्त लोकांची, कारण आपल्याला वेळ भरपूर असतो आणि झारी हातात असते. सकाळीच पाणी द्या, बुंध्याशी द्या, पानांवर नको. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी उत्तम, मीठ पडलेलं अजिबात नको. मातीवर दोन बोटं पाचटाचं आच्छादन घातलं की उन्हाळ्यात एक दिवसाआड पाण्यावर भागतं.

७. दुधी रात्री फुलतो

हे कुणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर एक अख्खा हंगाम वाचला असता.

दुसऱ्या वर्षी दुधीचा वेल मांडवभर पसरला. फुलं ढीगभर. करंगळीएवढे दुधी धरायचे, चार-पाच दिवसांत पिवळे पडायचे आणि गळायचे. आम्हाला वाटलं रोग आहे. एका कृषी सेवा केंद्रातून बाटली आणून फवारली. गळ चालूच. मग कुणी म्हणालं खत कमी पडतंय, म्हणून खत घातलं. पानं ताटाएवढी झाली, दुधी एक नाही. शेवटी मंडईत भाजी घेताना सहज विषय काढला, तर भाजीवाल्या मावशी हसल्याच. "ताई, दुधी रात्री फुलतो. तुमच्या गच्चीवर रात्री कोण येतंय?"

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मान टाकतं. शेतात रात्रीचे पतंग परागण करतात. शहरात तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर ते येतीलच असं नाही. म्हणजे ते काम आपल्यालाच करायचं.

मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे इवलासा लवदार दुधी आधीच असतो. नर फूल नुसत्या लांब दांड्यावर. अंधार पडताना टॉर्च घेऊन वर जायचं. ताजं उमललेलं नर फूल दांड्यासकट तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या की मधला पिवळट परागकोश मोकळा होतो. तो मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर हलक्या हाताने चहूबाजूंनी टेकवत फिरवायचा. एका नराने दोन माद्या होतात. संपलं. आमच्याकडे टॉर्च मी धरते आणि फूल हे फिरवतात, चष्मा कपाळावर ढकलून, श्वास रोखून, जणू धरणाचा दरवाजा इंचभर उचलायचा आहे. पहिल्या रात्री तीन फुलं केली. पाचव्या दिवशी तिन्ही दुधी हिरवेगार होते आणि माना खाली झुकल्या होत्या. मान झुकली की समजायचं, धरला. पुढे बारा-पंधरा दिवसांत तोडा, नख सहज रुततंय तोवरच. गच्चीवरच्या दुधीच्या आकाराची जाहिरात करायचा मोह आवरा, जून दुधी कुणी खात नाही.

दोडक्याचं पिवळं फूलही संध्याकाळचंच. घोसाळं, कारलं, काकडी, भोपळा यांचं मात्र सकाळी करायचं. सुरुवातीचे पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वेल डोक्याच्या वर गेला की शेंडा खुडा. बगलफुटीवर, म्हणजे बाजूने फुटणाऱ्या फांद्यांवर, मादी फुलं जास्त येतात.

एक इशारा. दुधी, दोडका, काकडी चिरल्यावर एक पातळ चकती जिभेला लावून पाहा. कडू लागली तर साल जास्त काढून, मीठ लावून वगैरे निभावू नका. सगळं फेकून द्या. त्या कडवटपणामागे कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. या वयात तर जास्तच जपायचं.

८. ओला कचरा

झाकणाच्या दोन बादल्या, बाजूंना आणि बुडाला भोकं. तळाशी सुका पाला. त्यावर भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, जेवढा ओला कचरा तेवढाच किंवा दुप्पट सुका पाला. पहिल्यांदा विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा पेलाभर आंबट ताक. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळायचं. एक भरली की दुसरी सुरू. पहिली दीड-दोन महिन्यांत काळी, भुसभुशीत होते.

उरलेली तेलकट भाजी, मासे-मटणाची हाडं घालू नका. घाण वास आला म्हणजे ओल जास्त झाली, पाला वाढवा. करड्या रंगाच्या जाडसर अळ्या दिसल्या तर किंचाळू नका (मी किंचाळले होते). त्या कचराच खातात, झाडाला हात लावत नाहीत.

९. कीड

रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन पानं उलटी करून पाहणं, हा निम्मा इलाज. मावा बोटाने चिरडा किंवा पाण्याच्या धारेने उडवा. मिरचीवर कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढा. एवढ्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा कुटलेला गर, रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा. संध्याकाळी फवारायचा, कारण उन्हात त्याची ताकद जाते. कारल्या-दोडक्याला फळमाशी डंख मारते, कोवळं असतानाच कागदी पिशवी घालून वर दोरा बांधा. ह्यांचे जुने मोजेही कामी आले आहेत.

१०. तोडणी ते पातेलं

भाजी फोडणीच्या वेळेलाच तोडा. मी तेल तापत ठेवते तेव्हा हे कढीपत्ता आणायला परसात जातात, आणि हमखास तिथेच रमतात. तेव्हा गॅस बारीक ठेवा.

नवीन बागवाल्यांना एकच पदार्थ शिकवायचा तर मी अळूचं फतफतं शिकवेन, कारण मोरीच्या पाण्यावर, अर्ध्या सावलीत अळू सगळ्यात कमी त्रास देतो. आधी खात्री: काळ्या देठाचा अळू वडीला, हिरव्या देठाचा भाजीला, आणि तो खाण्याचाच आहे हे माहीत असलेल्या घरून आणलेला. रानातला किंवा शोभेचा रंगीत अळू कधीही नाही.

दोघांसाठी सात-आठ मध्यम पानं देठांसकट. हाताला तेल लावा. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, खाज त्यांचीच. देठं सोलून घ्या, पानं बारीक चिरा. मूठभर आंबट चुका त्यातच. दोन चमचे हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच शेंगदाणे तीन तास आधी भिजवलेले, वेगळ्या वाटीत. कुकरला तीन-चार शिट्ट्या. अळू कच्चा राहिला की घशाला खाजतो, त्यामुळे घाई नको. वाफ गेल्यावर पानांत मोठा चमचाभर बेसन घालून रवीने घोटा. पातेल्यात मोहरी, हिंग, हळद, पाच-सहा मेथीदाणे, कढीपत्ता, एक मिरची अशी फोडणी. त्यावर घोटलेला अळू, डाळ, दाणे, ओल्या खोबऱ्याचे काप, लागेल तसं पाणी. चमचाभर गोडा मसाला, मीठ, सुपारीएवढा गूळ. चुका नसेल तर चिंचेचा कोळ, आंबट मात्र हवंच, त्याने खाज मरते आणि चवही त्यातच आहे. सात-आठ मिनिटं रटरटू द्या. फतफतं भाताच्या आळ्यात थांबलं पाहिजे, ताटभर धावायला नको.

दोडका केला तर शिरा टाकू नका. चमचाभर तेलावर लोखंडी तव्यात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात तीळ, किसलेलं सुकं खोबरं, दोन लसूण पाकळ्या, तिखट, मीठ. हातानेच चुरडा, मिक्सरमध्ये पीठ होतं. कोवळ्या मेथीचा तर गॅसही पेटवू नये. मेथी, कांदा, दाण्याचा कूट, मीठ, वरून कच्चं तेल, झाला घोळाणा. बाजरीची भाकरी तेवढी गरम हवी.

दोन गोष्टी डॉक्टरांशी बोलून ठेवा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉलसारखी गोळी चालू असेल तर पालेभाज्या अचानक वाढवू नका. त्यातल्या 'के' जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. आणि मूतखड्याचा इतिहास असेल तर पालक-अळू किती आणि कितीदा, ते विचारूनच.

११. गावाला जाताना

लेकीकडे महिनाभर जायचं म्हटलं की बागवाल्यांच्या पोटात गोळा येतो. आम्ही जायच्या आठवडाभर आधी हलक्या कुंड्या परसात सावलीला एकमेकींना खेटून ठेवतो, आच्छादन दुप्पट करतो, फुलं आणि कोवळी फळं खुडून टाकतो म्हणजे झाडाची तहान कमी होते. पालेभाजीच्या क्रेटमध्ये काही पेरून जायचं नाही. पाणी घालायला शेजारच्या काकू येतात. त्यांना चावी देताना एवढंच सांगायचं की जे उतरेल ते तुमचं. पाणी अगदी वेळेवर पडतं.

आणि वही त्यांच्याकडे देऊन जातो. मागच्या वेळी परत आलो तेव्हा ह्यांच्या रकान्यांखाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "सोमवार. दुधीला दोन मादी फुलं. सात वाजता केलं. टॉर्चचे सेल संपलेत, मोबाईलच्या उजेडात केलं. एक धरला. दोडका लावला नाहीत, बरं केलंत."